उंबऱ्यावरची पिठलं-भाकरी

चिंचवड, ९ जून १९५७

शालन,

तू घातलेली अट मोडून लिहितो आहे. ‘समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला शिकशील, तेव्हाच मला पत्र टाक,’ असं तू वाईला जाताना म्हणालीस, आणि खरं सांगू, ते बोलणंही मी अर्ध्यातच तोडलं होतं. अजून शिकलेलो नाही. पण वाट बघत बसण्यासारखे दिवस नाहीत हे.

पत्र सुमनताईंच्या नावाने पाठवतो. शिवणाच्या वर्गात त्या तुला गुपचूप देतील. धर्माजींनी तुझ्यासाठी वाईचं स्थळ बघितलंय आणि म्हणून तुला आत्याकडे धाडलंय, हे मला ठाऊक आहे. आत्याला कळलंच, तर खुशाल माझं नाव सांग. तिथं माझी अब्रू आहेच कुठं शिल्लक! अर्ध्यातून कॉलेज सोडलेला, आचाऱ्याचा भाचा, आणि वर तुमच्या थेरगावच्या अंगणात उभा राहून तुझ्या वडिलांशी भांडलेला. ‘वडीलधारं मानूस घिऊन ये, मंग बोलू,’ एवढंच धर्माजी म्हणाले होते. त्यात राग येण्यासारखं काय होतं? आणि मी पाण्याने भरलेलं घंगाळ लाथाडलं. ते गडगडत गोठ्यापर्यंत गेलं. होस्टेलात त्या पोराने तुझं पत्र मोठ्याने वाचलं म्हणून त्याचा दात पाडला, माफी मागायला सांगितली म्हणून कॉलेज सोडलं, त्याचं मला काही वाटत नाही. घंगाळाचं वाटतं.

असो. कारण असं, की फ्लूची साथ इकडे पोचली. मुंबईहून आली म्हणतात. तुम्ही ती पेपरात वाचत असाल, आम्ही ती भिंतीपलीकडच्या खोकल्यातून ऐकतो. कंपनीच्या मागच्या खोल्यांत एकेका खोलीत सहा-सहा जण राहतात, कुणी बीडचा, कुणी लातूरचा, कुणी कोकणातला. मंगळवारी एक पडला, शुक्रवारपर्यंत सगळी ओळ पडली. त्यांच्या खानावळीचा आचारी पडला आणि वाढपी पळाला. दुसरी शिफ्ट निम्मीच भरते आहे.

आणि आमचं लग्न गेलं. आमचं म्हणजे मामाच्या कामाचं, चाकणचं, हजार पानांचं. नवरदेवच तापाने फणफणला. बुंदीसाठी तीन पोती बेसन दळून आणलेलं. रंगमामा दिवसभर त्या पोत्यांवर बसून राहिला. दिवेलागणीला उठला आणि म्हणाला, “चुली पेटवा. पेज करू.”

मी म्हटलं, “कुणासाठी?”

“त्या खोल्यांतल्या पोरांसाठी. आई हाय का जवळ त्यांच्या?”

“आणि एवढ्या बेसनाचं काय?”

“बेसन कुठं पळून जाऊलालंय? तू लाकडं आण.”

तर आम्ही आता लग्नाच्या पातेल्यांत पेज शिजवतो. मुद्दा हा, की तू इकडे येऊ नकोस. तुमच्या घरी सगळं ठीक आहे. परवा नदीपलीकडे धर्माजी औत घेऊन जाताना दिसले. मला बघून त्यांनी मान वळवली, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

सयाजी


चिंचवड, १५ जून

शालन,

तुझं उत्तर नाही. येणार नव्हतंच.

आम्ही कसं काम करतो ते सांगतो, म्हणजे मी काहीतरी सरळ लिहीन. पहाटे मामाच्या हाताखालच्या मंजुळाबाई आणि दोघी बायका येतात. तांदूळ धुवून पातेली चढतात. सातला मी सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे लटकवतो. खोलीसमोर भांडं ठेवायचं, कडी वाजवायची आणि दहा पावलं मागे सरायचं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी तसं बजावलं आहे. पण कडी वाजवून सरायला लागलो की आतून कुणीतरी “भावा, पाणी” म्हणतो. मग काय करणार?

उद्धवराव नावाचे एक होते. बीडकडचे, पन्नाशीचे, कंपनीत भट्टीवर कामाला. त्यांना चमच्याने पेज भरवत होतो. चौथ्या चमच्याला तोंड मिटलं. मला वाटलं पोट भरलं. मी पाचवा चमचा पुढे धरून बसलो, “घ्या की, एवढा घ्या” म्हणत. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, “अहो, ठेवा तो चमचा.” तरी माझा हात खाली येईना.

तेव्हापासून मी दर थोड्या वेळाने खोल श्वास घेऊन बघतो, येतो का. हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. सायकलवर मी शीळ घालतो आणि मंजुळाबाई म्हणतात, “याला बघा, लग्नाला निघालाय जसा.”

काल मामा पडला. चुली आता माझ्याकडे आहेत. बरी झालेली पोरं पेजेला कंटाळली आणि भाकरी मागायला लागली, म्हणून मी ते बुंदीचं बेसन काढलं आणि पिठलं टाकलं. भांडी चाटून-पुसून परत आली. मी किती फुशारलो असेन, तू ओळखतेस मला.

थेरगावातही साथ शिरली आहे. घरंच्या घरं आडवी आहेत. गाई पिळायला माणूस नाही, त्या दिवसभर हंबरतात. ज्या घरात चूल पेटवायला कुणी उठू शकत नाही, तिथं आपण का पोचू नये? उद्या मी तिकडेच निघतो आहे.

वटपौर्णिमेला तुझी आई दिसली होती, वडाला सूत गुंडाळत. तोंडाला पदर लावला होता. धर्माजींच्या अंगात जराशी कसर आहे म्हणतात. जराशीच. तू येऊ नकोस.

सयाजी


चिंचवड, १८ जून

शालन,

घाईत लिहितो. थेरगावचं काही जमलं नाही. लोकांनी अन्न घेतलं नाही. एका म्हातारीने भाकऱ्या माझ्या अंगावर भिरकावल्या. का ते नंतर कळवेन.

तुझ्या आईच्या बांगड्या फुटल्या आहेत. ती उंबऱ्याशी पडली, त्यात. ताप होताच, चक्कर आली असेल. कुणी वाईला आलं-गेलं आणि काही भलतं सांगितलं, तर विश्वास ठेवू नकोस.

धर्माजी झोपून आहेत. पुष्कळ झोपतात. झोप लागणं चांगलंच म्हणायचं.

मामाचा ताप उतरला.

स.


चिंचवड, २० जून

शालन,

परवाचं पत्र खोटं होतं. सुमनताईंकडून ते अजून हातात पडलं नसेल, तर आधी हे वाच. पडलं असेल, तर फाडून टाक आणि हे वाच.

तुझी आई पडली नाही. बांगड्या तिने स्वतः फोडल्या. माझ्यामुळे.

रविवारी पहाटे मी मंजुळाबाईंना सांगितलं, थेरगावसाठी साठ भाकऱ्या आणि दोन पातेली पिठलं. त्यांचा हात परातीत थांबला. म्हणाल्या, “आजाऱ्यांच्या घरी पिठलं? अहो सयाजीराव, पण पिठलं-भाकरी तर—” मी म्हटलं, “तुम्ही भाकऱ्या थापा. शहाणपण नको.” त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली. अजून एक वाक्य मी ऐकून घेतलं असतं, शालन. एकच.

भाकऱ्या फडक्यांत बांधल्या, मध्ये पिठल्याची वाटी ठेवली आणि नदी ओलांडून गेलो. जशी खोल्यांवरची पद्धत, तशीच इथं. उंबऱ्यावर गाठोडं ठेवायचं, कडी वाजवायची, लांब व्हायचं. तुमचं घर आधी केलं. तुझ्या वडिलांनी मला बघू नये म्हणून भिंतीआड उभा राहिलो.

तानाबाई, तुझी आई, माजघरात आजारी, वडील गोठ्याकडच्या पडवीत आजारी. एकमेकांची लागण नको म्हणून दोन दिवस त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, हे मला कुठं ठाऊक! कडी ऐकून तानाबाई भिंत धरत-धरत आल्या. दार उघडलं. समोर फडक्यात पिठलं-भाकरी, आणि आणणारं माणूस कुणीच नाही.

तुला पुढचं सांगायला नकोच. तू गावातली आहेस. ज्या घरात माणूस जातं, त्या घरात चूल पेटत नाही, आणि मग सोयरे-शेजारी न बोलावता पिठलं-भाकरी आणून ठेवतात. कडू घास. मी सहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा आमच्या घरीही आला होता. मामा काल अंथरुणातून म्हणाला, “मीच आणलो होतो. सगळ्यांत जास्त तूच खाल्लास. आणखी मागितलास.” आणि मला एवढंच आठवतं, की त्या दिवशी पिठलं चांगलं झालं होतं.

तानाबाईंनी आधी पडवीकडे तोंड करून हाक मारली. “अवं... अवं, ऐकलं का?” धर्माजी तापाच्या गुंगीत होते, उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा गाठोड्याकडे बघितलं. मग खाली बसल्या आणि दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. एकदा नाही. मी भिंतीआड होतो, शालन. दहा पावलांवर. धावत पुढे होऊन ‘अहो, ते जिवंत आहेत, हे मी ठेवलंय’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? माझे पाय हलले नाहीत. तुझ्या गल्लीत कुणी तुझं नाव काढलं तर मी त्याच्या अंगावर जातो, पण एका बाईसमोर मला जाता आलं नाही.

हंबरड्याने धर्माजी उठले. खांब धरून अंगणात आले आणि म्हणाले, “कोन गेलं गं?”

तिने वर बघितलं आणि जी किंचाळली, ती किंकाळी मला अजून सोडत नाही. त्यांनी तिचे हात बघितले, रक्ताळलेले, मोकळे. मग भाकरी बघितली. आणि अगदी हळू म्हणाले, “माजंच आनलंय व्हय?”

एवढं बोलून ते परत पडवीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तेव्हापासून त्यांनी अन्नाला हात लावलेला नाही. फक्त पाणी घेतात.

बाकीच्या घरांतही तेच झालं. आजारी माणूस घरात, आणि दारात कडू घास. लोक मारायला उठले नाहीत ते केवळ अंगात त्राण नव्हतं म्हणून.

मला शिव्या दे. पण पत्र वाचणं सोडू नकोस.

सयाजी


चिंचवड, २३ जून

शालन,

धर्माजी आहेत. हे पहिल्या ओळीत लिहितो, म्हणजे तू पुढचं श्वास घेऊन वाचशील.

मामा उठला. पायांत बळ नाही, काठी घेऊन चुलीपाशी आला. मी सगळं सांगितलं. वाटलं, हाणेल. हाणलं असतं तर बरं झालं असतं. तो बराच वेळ राख उकरत बसला आणि म्हणाला, “गावाच्या दारात जेवण ठेवत नसतात पोरा. गावाला जेवायला बोलवत असतात.”

मग तो बैलगाडीत बसून थेरगावला गेला, मला बरोबर घेऊन. मारुतीच्या गुरवाशी बोलला. देवाच्या नावाने भंडारा ठरवला. आणि आम्ही दोघं घरोघर फिरलो. मामाच्या हातात हळदीच्या अक्षतांचं ताट. प्रत्येक दारात थांबून, नाव घेऊन, तो म्हणायचा, “मारुतीचा भंडारा हाय. चूलबंद आवतण.” म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, आज तुमची चूल पेटवायची नाही. कडू घास न बोलावता येतो, आणि हे तर अक्षता देऊन बोलावणं. लोकांच्या चेहऱ्यावरचा फरक मी बघितला. चूल पेटवायला माणूस नाही हे सांगण्याची लाजही गेली, कारण आता ती पेटवायचीच नव्हती.

तुमच्या शेजारच्या गवराबाईंनी, त्या दिवशी भाकऱ्या भिरकावणाऱ्या त्याच, अक्षता कपाळाला लावल्या आणि मला म्हणाल्या, “आता कसा मानसावानी आलास! त्या दिशी तर यमाच्या मुकादमावानी आला हुतास.”

“चुकलं आजी.”

“चुकलं म्हनतोय! माज्या म्हाताऱ्यानं तुजं गाठोडं बघून जे डोळं पांढरं केलं, ते घोंगडी काढून चोपल्यावर सरळ झालं.”

मारुतीसमोर चुली लावल्या. मऊ भात, मुगाचं वरण, कढत पाण्याचे हंडे. ज्यांना बसवतं ते पंगतीला बसले. ज्यांना बसवत नाही त्यांच्यासाठी त्यांच्याच घरचं माणूस प्रसाद म्हणून ताट घेऊन गेलं. आता रोज दोन वेळा असंच चाललं आहे. साठ-सत्तर घरं जेवतात. खोल्यांवरची बरी झालेली पोरं लाकडं फोडायला येतात.

फक्त एक माणूस जेवत नाही.

मी त्यांच्यासमोर गेलो. सांगितलं, की ते गाठोडं मीच ठेवलं होतं, अक्कल नव्हती म्हणून, कुणाच्या मरणाचा त्याच्याशी संबंध नाही. धर्माजींनी मान माझ्याकडे वळवली. डोळे खोल गेलेत, शालन. छातीतून जुन्या मोटेसारखा आवाज येतो.

“तूच व्हय. तुला माज्या मरनाची घाईच हाय. मी गेलो की पोरगी मोकळी.”

“तसं नाही हो.”

“तू ठेवला का आनी कुनी ठेवला. बायकूनं बांगड्या फोडल्या. माज्या नावाचा घास यिऊन गेला. आता मी पाटावर बसायचं म्हंजे काय?”

प्रसादाचं ताट पुढे केलं, तर दोन शितं कपाळाला लावली आणि ताट बाजूला सारलं. तुझी आई दाराआड उभी असते. पुढे येत नाही. आपल्या मोकळ्या हातांनी त्यांना वाढायचं कसं, म्हणून ती त्यांच्या पानाजवळ जातच नाही. ती कासाराकडून बांगड्याही भरून घेत नाही. म्हणते, “कुठल्या तोंडानं भरू?”

मला खूप भीती वाटते. आधी स्वतःच्या श्वासाची वाटायची. आता मी त्यांचा मोजतो.

सयाजी


चिंचवड, २६ जून

शालन,

हे पत्र सर्वांत महत्त्वाचं. सुमनताईंना निरोप दिला आहे, की हे हातोहात द्या. आणि हे संपेपर्यंत घरी एक अक्षरही लिहू नकोस. का ते सांगतो.

सोमवारी डॉक्टर आले. पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं. बाहेर येऊन गवराबाईंना म्हणाले, “औषध माझ्याकडे आहे, पण पोटात अन्नच नसेल तर औषध कुणाच्या जोरावर लढेल? दोन दिवसांत जेवले नाहीत, तर...” मग थांबले आणि म्हणाले, “मुलीला बोलावून घ्या.”

हे वाक्य मी शेवटपर्यंत ऐकलं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. तानाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी पडवीत गेलो. काय बोलणार आहे ते मला आत जाईपर्यंत ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगतो.

“काका,” मी म्हटलं. आजवर त्यांना काका म्हटलं नव्हतं. “वाईहून सुमनताईंचं पत्र आलंय. शालनने होकार दिला.”

भिंतीकडचं तोंड इकडे वळलं. “कुनाला?”

“तुम्ही बघितलेल्या स्थळाला. त्या वाईच्या मुलाला.”

“आनी हे मला तू सांगतोस?”

“हो.”

ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. तुझ्या घराण्यात डोळे असेच आहेत का गं सगळ्यांचे? “मंग रडत का न्हाईस?”

“रडून झालं.”

“व्हय,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर म्हनलो असतो, म्हाताऱ्याला जगवाया थाप मारत्यात. तुला काय मिळनार खोटं बोलून! तू सांगतोस म्हंजे खरंच असनार.”

आणि शालन, या वाक्यावर मी मान हलवली.

थोड्या वेळाने म्हणाले, “जेवन कुनाकडं?”

“मामाकडे. पण मामाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मुलीच्या बापाने चाखणीचं ताट चाखून पसंत केल्याशिवाय तो मोठ्या चुलीला काडी लावत नाही.” ही थाप नव्हती. पंचक्रोशीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मामाने यापायी एक लग्न सोडलंही होतं, बाप परगावी होता आणि काका चाखायला बसला होता म्हणून.

“मी चाखायचं म्हंजे...” ते अडखळले. बांगड्या फुटलेल्या हातांकडे, दाराआड, त्यांचे डोळे गेले. “माजं तर—”

मी मध्ये तोडलं नाही. त्यांना बोलू दिलं. छातीतून तो आवाज येत राहिला. मग अगदी वेगळ्याच सुरात म्हणाले, “रंगरावाच्या हातचं मीठ कमी पडतं. सरपंचाच्या घरच्या लग्नात बी कमीच हुतं. आन म्हनावं ताट. बघू.”

मी धावत सुटलो. मामाला तेच सांगितलं जे त्यांना सांगितलं होतं, की तुझा होकार आला. खरं सांगितलं असतं तर तो आला नसता, अन्नाच्या ताटाशी तो खोटं बोलत नाही. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “लई वाईट झालं लेकरा.” मग कमरेला पंचा बांधला, तांदूळ स्वतः निवडला, वरण स्वतः घोटलं. चार घासांच्या ताटासाठी दीड तास.

धर्माजींना टेकवून बसवलं. ताट वाढायला तानाबाई पुढे येईनात. तेव्हा गवराबाईच ओरडल्या, “अगं लेकीचं लगीन ठरलंय, आनी आईचं हात असं? कासार बोलवा आदी!” कासाराला स्वतःला फ्लू झालेला. त्याची बायको बांगड्यांची माळ घेऊन आली. जखमा होत्या, तरी भरल्या. हिरव्या. तुझी आई एकेका बांगडीला ओठ चावत होती, आणि तुझे वडील पडवीतून बघत होते. मग तिने ताट उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

पहिला घास त्यांनी हातात धरला, तेव्हा मला उद्धवराव दिसले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते चावत होते. चार घास घेतले, पाणी प्यायले आणि मामाला म्हणाले, “कमी हाय मीठ.”

मामा भडकला! तापातून उठलेला माणूस, आणि त्याच्या मिठाला नाव ठेवलेलं. “उद्या परत आणतो,” म्हणाला. “उद्या बी बघू,” तुझे वडील म्हणाले. काल दहा घास खाल्ले. काल वरण पातळ होतं म्हणे. आज सकाळी वाटीभर भात संपवला, आणि भात थोडा जास्तच मऊ झालाय, पोरीचं लग्न आहे की बाळंतपण, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, छातीतला आवाज खाली उतरतो आहे, पण अजून आठ दिवस धोका आहे, मनाला धक्का चालायचा नाही.

आता ऐक. तुमच्या घरी पत्र आलं की ते टपालवालाच वाचून दाखवतो. तू किंवा आत्याने आता कळवलं, की असं काही ठरलेलं नाही, तर ते पडवीत बसून, भाताचं ताट पुढ्यात असताना, मोठ्याने वाचलं जाईल. म्हणून आठ दिवस आत्याचाही हात धरून ठेव. काहीही सांग तिला. माझ्या नावाने बोटं मोड, पण तिला लिहू देऊ नकोस.

इथं सगळे माझं सांत्वन करतात. मंजुळाबाईंनी मला भाकरीवर लोणी घालून दिलं. खोल्यांवरची पोरं म्हणाली, “जाऊ दे भावा, दुसरी मिळेल.” मी ज्या दुःखाची थाप मारली, त्याचे घास सगळे मिळून मला भरवताहेत. आणि ती थाप खरी ठरेल की काय, याची मला भीती वाटते. धर्माजींनी मामाला दोनशे पानं सांगितली आहेत. मामाने तिथी विचारली, तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, “याला इचारा, पत्र याच्याकडं येतंय.”

‘तू होकार देऊ नकोस’ हे वाक्य मी इथं तीनदा लिहून खोडलं. शाई पसरली आहे, ती तीच. तुझ्या तोंडात मी एक होकार घातला, न विचारता. त्यावर आता नकारही मीच घालायचा, हे मला करता येत नाही. तो मुलगा कसा आहे ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक असेल. तुझं तू ठरव.

चार जुलैला मी तुमच्या अंगणात जाईन, मामाला बरोबर घेऊन, आणि काय खरं होतं ते धर्माजींना माझ्या तोंडाने सांगेन. ते जे बोलतील ते पुरतं ऐकून घेईन. तुझं मन तोवर मला कळवू नकोस. होकार असला तरी नको, नकार असला तरी नको. मला आधीच कळलं, तर माझा चेहरा बघून त्यांना कळेल, आणि त्यांना अजून आठ दिवस जेवायचं आहे.

सयाजी